विमानापेक्षा पेटी जड

शॉमबर्ग, शनिवार, ८ मार्च २०२५

आज रात्री घड्याळं एक तास पुढे जाणार. म्हणजे संध्याकाळी कामावरून आल्यावरही थोडा उजेड हाताशी राहील. पार्किंगच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग अजून पडलेत, पण यंदाचा बेत ठरला आहे: इंधनावर उडणारं मॉडेल विमान शिकायचं.

घरात विरोध आहेच. "बॅटरीवरचं घे ना. वास नाही, तेल नाही, आवाज नाही," असं ह्यांचं म्हणणं. ते चुकीचंही नाही. आज नवशिक्याला कोणीही हेच सांगेल. फोमचं विमान, विजेची मोटर, लिथियमची बॅटरी आणि चार्जर एवढ्यावर काम भागतं. इंधनाच्या विमानाला मात्र मागे अख्खा संसार लागतो.

तरी मला इंजिनच हवं आहे, आणि त्याला कारण दादा. पुण्यात कॉलेजात असताना तो एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता. मैदानाच्या मधोमध उभा राहून हातातल्या दोन तारांवर तो विमान गरगर फिरवायचा आणि त्याच्याबरोबर स्वतःही फिरायचा. त्याचं इंजिन छोटं डिझेल. इथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण सारख्या भागांत मिसळायचं की झालं इंधन. ते नुसत्या दाबाने पेटायचं. प्लग नको, बॅटरी नको. दादाचं सगळं सामान बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मावायचं.

आज फोनवर म्हणाला, "तुझं ग्लो इंजिन म्हणजे लाडावलेलं पोर. त्याचे लाड पुरवायला शीक. आधी पेटी भर, मग विमानाचं बघू."

शुक्रवार, १४ मार्च

तिकडे धुळवड. इथे मी संगणकासमोर कागदपत्रं करत बसले.

हौसेने मॉडेल विमान उडवणाऱ्यालाही अमेरिकेत सरकारी नियम आहेत. पहिली 'ट्रस्ट' नावाची छोटी ऑनलाइन चाचणी. ती फुकट असते आणि चुकलेलं उत्तर तिथल्या तिथे समजावून देतात, त्यामुळे नापास होण्याची भीती नाही. प्रमाणपत्र मात्र जपून ठेवायचं. दुसरी नोंदणी. विमान २५० ग्रॅमपेक्षा जड असेल तर ती सक्तीची आहे. पाच डॉलरमध्ये तीन वर्षांसाठी एक क्रमांक मिळतो. हौशी माणसाला आपल्या सगळ्या विमानांवर तोच चालतो, फक्त तो बाहेरून दिसेल असा लिहायचा. तिसरी गोष्ट रिमोट आयडी. विमानाने आपली ओळख रेडिओवरून सांगत राहायची, नाहीतर ज्या मैदानांना या नियमातून सूट मिळाली आहे तिथेच उडायचं. बऱ्याच क्लबांनी आपल्या मैदानासाठी तशी मान्यता घेतली आहे. बाकी नियंत्रण नसलेल्या हवाई क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फूट, आणि विमान कायम नजरेच्या टप्प्यात.

शॉमबर्गमध्ये हे सगळं जास्तच मनावर घ्यावं लागतं. पूर्वेला शिकागोचा ओ'हेअर विमानतळ. गावातच आयर्व्हिंग पार्क रस्त्यावर शॉमबर्गचा स्वतःचा छोटा विमानतळ, जिथे खरी सेसना उतरतात. शेजारच्या बसी वुड्सच्या राखीव जंगलात मॉडेल विमानांसाठी वेगळं मैदान आहे, पण म्हणून जंगलात वाटेल तिथे उडवता येत नाही. जिथे जायचं तिथली पाटी वाचायची, नकाशावर हवाई क्षेत्र बघायचं आणि मगच गाडी काढायची.

अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सचं सदस्यत्वही आजच घेतलं. ही संस्था १९३६ सालची, मुख्यालय शेजारच्या इंडियानातल्या मन्सी गावात. सदस्यत्वाबरोबर विमा येतो आणि क्लबच्या फाटकावर पहिल्यांदा त्याचीच चौकशी होते. आपलं विमान कोणाच्या गाडीच्या काचेवर उतरलं तर ती भरपाई आपल्या खिशाबाहेरची असते. सामानाच्या यादीत पहिलं नाव या कार्डाचं.

शनिवार, २२ मार्च

दुकानं धुंडाळली. छंदाची दुकानं आता विरळ झाली आहेत, आणि जी आहेत त्यांत ड्रोन आणि रिमोटच्या मोटारी पुढे मांडलेल्या. इंजिनं मागच्या कपाटात. एके काळी या धंद्याची मोठी पेठ आपल्याच राज्यात, इलिनॉयच्या शँपेन गावात होती. हॉबिको, टॉवर हॉबीज, होरायझन हॉबी सगळ्या तिथल्याच. २०१८च्या सुरुवातीला हॉबिकोने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिच्या बऱ्याच नाममुद्रा होरायझनकडे गेल्या. जुन्या मंडळींच्या बोलण्यात त्या वर्षाचा उल्लेख अजून येतो.

इंजिन ओ.एस.चं घेतलं, वापरलेलं पण उत्तम स्थितीतलं. ही ओसाकाची कंपनीही १९३६चीच. आकार ४६, म्हणजे ०.४६ घन इंच, आपल्या मापात साधारण साडेसात सीसी. शिकाऊ विमानांसाठी ४० आणि ४६ हे ठरलेले आकार.

दुकानातले आजोबा इंधनाबद्दल भरभरून बोलले. ग्लो इंधनात मुख्य भाग मिथेनॉल. त्यात १५ ते २० टक्क्यांच्या आसपास तेल, ते एरंडेल किंवा कृत्रिम किंवा दोन्ही मिळून. वर थोडं नायट्रोमिथेन, नवशिक्याला १० ते १५ टक्के पुरे. नायट्रोमुळे ताकद वाढते आणि कमी गतीवर इंजिन नीट चालत राहतं. तेल वंगणाचं काम करतं आणि उष्णता बाहेर नेतं. ते कमी पडलं तर इंजिन संपलंच.

ग्लो प्लगची गंमत आज नीट कळली. प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते. सुरुवातीला तिला दीड व्होल्टने लाल करायचं. इंजिन चालू झालं की वीज काढून घ्यायची. मग मिथेनॉल आणि प्लॅटिनमची रासायनिक क्रिया आणि स्फोटांची उष्णता यांच्यावरच तार धगधगत राहते. अमेरिकेत रे आर्डन यांनी १९४७ साली असा प्लग बाजारात आणला आणि विमानातून ठिणगीची कॉइल व बॅटरी वाहून नेण्याची कटकट संपली. वजन विमानातून उतरलं आणि जमिनीवरच्या पेटीत आलं.

निघताना आजोबांनी बजावलं: मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. पोटात गेलं तर विष. हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून झाकण कायम घट्ट. आणि कॅन तळघरात ठेवायचा नाही. इकडच्या घरांत भट्टी आणि पाणी तापवायचा बंब बहुधा तळघरातच असतो, शेजारी ज्वलनशील कॅन नको. त्याची जागा अंगणातल्या शेडमध्ये ठरली.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडवा. गुढी बाल्कनीत, आतल्या बाजूला, कारण वारा. श्रीखंडाचा चक्का पटेल ब्रदर्समधल्या दह्याचा, काल रात्रीपासून टांगलेला. मुहूर्तावर सोनं नाही घेतलं, पेटी भरली.

पेटी लाकडी, वर धरायला दांडा, पुढे विमानाचं नाक टेकवायला फोम लावलेले दोन आधार. आत काय गेलं ते लिहून ठेवते.

तळाला १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरी. घरच्या गजराच्या यंत्रणेत असते तीच. तिच्यावर पॉवर पॅनेल. पॅनेलचं काम एका बॅटरीतून तीन जणांना जेवू घालणं: स्टार्टरला १२ व्होल्ट, इंधनाच्या पंपाला त्याच्या गरजेइतके आणि ग्लो प्लगला दीडच्या आसपास. प्लगला चुकून सरळ १२ व्होल्ट दिले तर तार क्षणात जाते. पॅनेलवरचा काटा प्लगची तब्येतही सांगतो. जोडल्यावर काटा हलला तर तार शाबूत. शून्यावर राहिला तर प्लग गेला, नाहीतर जोडणी सैल आहे.

पॅनेलवर सगळा भार नको म्हणून सुटा ग्लो ड्रायव्हरही घेतला. पेनाच्या आकाराची नळी, आत एक चार्ज होणारा सेल, टोकाला प्लगवर बसणारी पकड. मैदानावर याचाच वापर जास्त होतो असं सगळे सांगतात, कारण मध्ये तारा लोंबत नाहीत.

स्टार्टर म्हणजे हातात धरायची मोटर. तिच्या तोंडाचं रबर पंख्याच्या पुढच्या टोपीवर टेकवून बटण दाबायचं. शेजारी 'चिकन स्टिक', रबर चढवलेली दांडी. स्टार्टर नसेल तेव्हा पंखा तिने फिरवायचा, बोटाने नाही. पेटीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू. दादाला व्हिडिओवर दाखवली तर त्याने आपली तर्जनी कॅमेऱ्यासमोर धरली. पांढरा वण अजून आहे. "आम्ही बोटानेच मारायचो. शहाणपण नव्हतं ते, दांडी मिळत नव्हती."

मग हातपंप आणि त्याची नळी, मध्ये गाळणी. इंधनातला एक कण कार्ब्युरेटरमध्ये अडकला तर अख्खी दुपार वाया. चार तोंडांचा पाना, त्याने प्लगही निघतो आणि पंख्याचा नटही. स्क्रूड्रायव्हर, ॲलन की, पक्कड. दोन जादा प्लग. जादा पंखे. सिलिकॉनची जादा नळी. झटपट चिकटणारा गोंद आणि पाच मिनिटांचा इपॉक्सी. रिसीव्हरच्या बॅटरीचा व्होल्टेज तपासायला भार देणारा मीटर, कारण भार नसताना मरायला टेकलेली बॅटरीही ठणठणीत दिसते.

सगळं भरून पेटी उचलली. विमान अडीच किलोच्या आसपास. एकटी बॅटरी जवळपास तितकीच. वर गॅलनचा इंधनाचा कॅन, तोही सुमारे तीन किलो. ह्यांनी एकदा उचलून बघितली आणि म्हणाले, "हिला चाकं लाव."

शनिवार, १२ एप्रिल

क्लबचं मैदान. आय-नव्वदने पश्चिमेला गेलं की शॉमबर्गचे मॉल आणि गोदामं मागे पडतात आणि शेतं सुरू होतात. अजून मक्याची पेरणी नाही, त्यामुळे चहूकडे काळी माती आणि मध्ये कातरलेल्या गवताची धावपट्टी.

आज उडवायचं नाही, असं प्रशिक्षकांनी आल्याआल्याच सांगितलं. वयस्क, कमी बोलणारे गृहस्थ. दिवसभर फक्त इंजिन.

त्यांनी शिकवलेला क्रम असा. आधी विमान पकडून ठेवण्याची सोय. शेपटीच्या पुढे दोन्ही बाजूंना जमिनीत ठोकलेले खुंट, त्यांवर नळीचं आवरण, विमान त्यांना अडून राहतं. मग इंधन: कार्ब्युरेटरची नळी काढून तिच्यातून टाकी भरायची, सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीतून इंधन डोकावलं की थांबायचं. पंखा हाताने फिरवून बघायचा तो ग्लो ड्रायव्हर जोडण्याआधी. अडकल्यासारखा वाटला तर आत इंधन साचलं आहे. अशा वेळी स्टार्टर लावला तर आतला दांडा वाकतो. प्लग काढायचा, पंखा फिरवून इंधन बाहेर उडवायचं आणि पुन्हा सुरुवात.

मग ट्रान्समीटर चालू, मग रिसीव्हर. थ्रॉटल खाली. ड्रायव्हर प्लगवर. स्टार्टर. इंजिन पकडलं की पंख्याच्या मागे यायचं आणि मागूनच हात घालून ड्रायव्हर काढायचा. पंखा फिरतो त्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. ओढणी, लोंबती बाही, गळ्यातला ट्रान्समीटरचा पट्टा, सगळं आवरून. मी मंगळसूत्र गाडीत ठेवूनच उतरले होते.

एवढी काळजी कशासाठी ते हिशेबाने कळतं. दहा इंची पंखा मिनिटाला बारा हजार फेऱ्यांवर असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ५७५ किलोमीटरच्या आसपास भरतो. त्या वेगाला पंखा डोळ्याला दिसतही नाही.

इंजिन दणकलं तेव्हा एरंडेलाचा तोच वास आला, पुण्याच्या मैदानावरचा. मोह झाला, पण प्रशिक्षकांनी सुई फिरवायला लावली. सुई उघडी म्हणजे इंधन जास्त, धूर जास्त, इंजिन थंड. सुई मिटत गेली की आवाज चढतो आणि तिथेच माणूस फसतो. सर्वोच्च आवाज गाठायचा आणि तिथून थोडं मागे यायचं. मग विमानाचं नाक आभाळाकडे धरायचं. आवाज मरगळला नाही तर सुई योग्य. आज हवा गार होती. गार हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू जास्त, म्हणून इंधनही थोडं जास्त लागतं. उन्हाळ्यात हीच सुई पुन्हा बघावी लागेल.

शेडच्या भिंतीवर एक जुना फळा आहे, क्रमांक लिहिलेले आणि खिळे ठोकलेले. पूर्वी ७२ मेगाहर्ट्झवर सगळे उडवायचे. विमानांसाठी ११ ते ६० असे पन्नास चॅनेल. आपल्या क्रमांकाची चिमटी फळ्यावरून घेऊन अँटेनाला लावल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही. दोघांनी एकच चॅनेल लावला की एकाचं विमान तरी जमिनीत. आता २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आपापली जागा शोधून घेतात, म्हणून चिमट्या गेल्या. पण ट्रान्समीटर चालू करण्याआधी मोठ्याने सांगायची पद्धत या क्लबात टिकून आहे.

शनिवार, १९ एप्रिल

वारा. झेंडा ताठ आडवा. कोणी उडवलं नाही, सगळे गाड्यांच्या आडोशाला कॉफी पीत गप्पा मारत बसले. अशा दिवशी दुसऱ्यांच्या पेट्या बघाव्यात. माणसाला कशाने छळलंय ते त्याच्या पेटीत दिसतं.

एकाच्या पेटीत पंख्यांचा गठ्ठा. १० बाय ६ म्हणजे दहा इंच व्यास आणि एका फेरीत कागदावर सहा इंच पुढे सरकणं. ११ बाय ५ च्या पंख्याने विमानाचा वेग कमी राहतो आणि उतरताना ते आवरणं सोपं जातं. शिकाऊ माणूस उतरताना नाक टेकवतो, म्हणून पंखे डझनाने घ्यावेत असं त्यांचं मत. शिवाय प्रत्येक नवा पंखा तोलून बघायचा. एक पातं जड असेल तर थरथरीने स्क्रू सैल होतात आणि टाकीतल्या इंधनाला फेस येतो.

दुसऱ्याकडे पिशवीभर रबर बँड आणि मांजरांसाठी मिळणारी वाळू. शिकाऊ विमानाचा पंख बहुधा रबरांनीच बांधलेला असतो, म्हणजे आदळल्यावर तुटण्याऐवजी सुटतो. तेलाने रबरं बुळबुळीत होतात. ती या वाळूत घोळून ठेवली की तेल शोषलं जातं. चिरलेलं रबर मात्र लगेच फेकायचं.

तिसऱ्याकडे अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी, पाण्याची मोठी बाटली. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, म्हणून सांडलेल्या इंधनावर पाणीच उपयोगी. वर उन्हाची टोपी, गडद चष्मा आणि गवतातल्या गोचिडांसाठी फवारा.

शनिवार, ३ मे

उडालं.

वारा मंद, धावपट्टीच्या रेषेत. प्रशिक्षकांचा आणि माझा ट्रान्समीटर जोडलेले. त्यांच्या बोटाखाली एक बटण. ते दाबून ठेवलं आहे तोवर विमान माझं, सोडलं की त्यांचं. उडवण्याआधी रेंज तपासली, प्रत्येक पृष्ठभाग योग्य बाजूला हलतो ना ते पाहिलं, रेडिओ तुटला तर थ्रॉटल आपोआप खाली येतो ना तेही पाहिलं.

वर गेल्यावर कळतं की विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं. प्रशिक्षक म्हणाले, जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला काठी सारायची, म्हणजे तो वर येईल. एवढं एकच वाक्य डोक्यात ठेवून मी गोल काढत राहिले. भरलेली टाकी दहा-बारा मिनिटं पुरते, पण आम्ही बरंच आधी उतरवलं. इंधन संपल्यावर निर्जीव इंजिनाने उतरणं हा पुढचा धडा.

दादाला व्हिडिओ पाठवला. पुण्यात तेव्हा मध्यरात्र उलटली होती, तरी लगेच उत्तर आलं: "लँडिंग बरं. इंजिन अजून थोडं भरभरतंय, सुई बघ."

रविवार, ४ मे

काल घरी आणण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी केली, नळी काढून उरलेलं इंधन कार्ब्युरेटरमध्ये जळू दिलं आणि आत खास तेलाचे थेंब टाकून पंखा हाताने फिरवला. मिथेनॉल ओल ओढतं आणि आतल्या बेअरिंगना गंज चढतो. दोन मिनिटांचं हे काम टाळलं तर दुसऱ्या हंगामात इंजिन खडखडतं.

विमानाच्या पोटावर सायलेन्सरमधून आलेलं तेल पसरलेलं. कागदी टॉवेलचा अख्खा गुंडाळा आणि पातळ केलेल्या साबणाची फवाऱ्याची बाटली हवीच. तेल लाकडात मुरलं की गोंद धरत नाही आणि दुरुस्ती अवघड होते. कचऱ्याची पिशवीही पेटीतच, तेलकट कागद घरी आणायचे.

दादाने हळूच विचारलं, दिवाळीला येताना थोडं इंधन आणशील का? इंधन विमानातून नेता येत नाही. त्याला दोन प्लग आणि चिकन स्टिक नेणार आहे.

शनिवार, २४ मे

मेमोरियल डेची सुट्टी, मैदानावर गर्दी. एक तरुण जोडपं चौकशी करत आलं. त्यांना उत्साह होता आणि किती खर्च येईल ही काळजीही. प्रशिक्षकांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी दिलेलं उत्तर इथे लिहून ठेवते, वाचणाऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

पैसे आधी सदस्यत्व, नोंदणी आणि क्लब यांवर घाला. प्रशिक्षक तिथेच मिळतो आणि त्याच्याशिवाय पहिलं विमान बहुधा पहिल्याच दिवशी मोडतं. मग ग्लो ड्रायव्हर, चिकन स्टिक, चार तोंडांचा पाना, हातपंप, दोन जादा प्लग, जादा पंखे, विमान अडवायची सोय, प्रथमोपचार आणि कागदी टॉवेल. एवढ्यावर सुरुवात होते. मोठी बॅटरी, पॅनेल आणि स्टार्टर महिनाभराने घेतले तरी चालतील, तोवर क्लबात कोणीही आपला स्टार्टर देतो. विमान सगळ्यात शेवटी घ्या, आणि ते साधं, वर पंख असलेलं, शिकाऊच घ्या. शिवाय बॅटरीचं विमान पुरत असेल तर तेच घ्या, त्यात काही कमीपणा नाही. इंजिनच हवं असेल तर जमिनीवरचं काम आवडायला हवं, कारण मैदानावरचा निम्म्याहून जास्त वेळ पेटीपाशीच जातो.